गच्चीवरची भाजी, वर्षाला अकरा किलो: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात सिंहगड रस्त्याला आमचा तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे. त्याला लागून दहा बाय सात फुटांची, दक्षिणेला उघडणारी गच्ची. घरात मी, बायको आणि आई. जून २०२३ मध्ये मी तिथे चौदा पिशव्या मांडल्या आणि भाजी लावायला सुरुवात केली. तेव्हापासून लिफ्टमध्ये, ऑफिसात, लग्नाच्या पंगतीत लोक तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतोय. मी माळी नाही की कृषी पदवीधर नाही. माझ्याकडे आहे ती एक वही आणि स्वयंपाकघरातला वजनकाटा.

आधी खरं सांगा, पहिल्या वर्षी किती भाजी निघाली?

अकरा किलो तीनशे चाळीस ग्रॅम. जून २०२३ ते मे २०२४, बारा महिन्यांची बेरीज.

पालेभाज्या म्हणजे मेथी, पालक, लाल माठ आणि अळू मिळून चार किलो दीडशे. टोमॅटो दोन किलो तीनशे दहा. भेंडी एक किलो एकशे वीस. दुधी एक. एक किलो नव्हे, एक नग, साडेनऊशे ग्रॅमचा. मिरच्या सहाशे चाळीस ग्रॅम, कोथिंबीर-पुदिना सहाशे. काकड्या दोन मिळून पाचशे वीस, मुळे चारशे तीस, गवार दोनशे चाळीस. आणि वांगी तीन, तिन्ही मिळून तीनशे ऐंशी. त्या तीन वांग्यांची आईने भरली वांगी केली. माणशी एक. वाढताना तिने "आणखी हवं का रे?" असं मुद्दाम विचारलं.

आमच्याकडे दिवसाला साधारण अर्धा किलो भाजी लागते. म्हणजे वर्षभर राबून तेवीस दिवसांची भाजी झाली.

मग परवडलं का?

नाही. पिशव्या, माती, शेणखत, कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), बी, रोपं, हिरवी जाळी, झारी, कडुनिंबाचं तेल असं सगळं धरून पहिल्या वर्षी ७,८६० रुपये गेले. भागाकार केलात तर किलोला ६९३ रुपये पडतात. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

दुसऱ्या वर्षी पिशव्या-माती पुन्हा घ्यावी लागली नाही. खर्च २,१५० रुपये आणि भाजी १८ किलो ६०० ग्रॅम, म्हणजे किलोला साधारण ११६. मंडईपेक्षा अजून महागच. पैसे वाचवायला हे करणार असाल तर करू नका, त्यापेक्षा संध्याकाळी उशिरा मंडईत जा.

एवढं कमी का आलं? काय चुकलं?

बरंच काही चुकलं, पण सगळ्यात मोठी चूक उन्हाची. आणि ती मला डिसेंबरपर्यंत कळली नाही.

दक्षिणेची गच्ची म्हणजे भरपूर ऊन, असं सगळे सांगतात. मीही तेच धरून चाललो. पण पुणे साडेअठरा अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्यात इथे शून्य सावली दिवस येतो, तेव्हा भरदुपारी सूर्य बरोबर डोक्यावर असतो. त्यानंतर जुलैअखेरपर्यंत तो दुपारीसुद्धा किंचित उत्तरेला झुकलेला असतो. उगवतो ईशान्येला, मावळतो वायव्येला. म्हणजे जूनमध्ये दक्षिणेच्या गच्चीला इमारतीचीच सावली पडते. त्यात वरच्या मजल्याची बाल्कनी चार फूट पुढे आलेली. मी मोजलं तेव्हा जूनमध्ये कठड्याजवळच्या पिशव्यांना जेमतेम दोन-अडीच तास ऊन, आणि भिंतीकडच्यांना शून्य. वर पावसाळी ढग.

मी मोठ्या हौसेने टोमॅटो, वांगी, गवार सगळं जूनमध्ये भिंतीकडे ओळीने लावलं होतं. झाडं वाढली, पण लांबट आणि फिकी, ऊन शोधत कठड्याकडे वाकलेली. मला वाटलं खत कमी पडतंय, मी आणखी शेणखत घातलं.

डिसेंबरात सूर्य दक्षिणेला उतरला आणि ऊन थेट घराच्या दारापर्यंत आलं. त्याच पिशव्यांना सहा तास मिळायला लागले. पहिल्या वर्षाचे टोमॅटो जवळजवळ सगळे जानेवारी-फेब्रुवारीतले आहेत.

माझ्याकडे किती ऊन आहे, हे कसं मोजू?

सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून संध्याकाळी पाचपर्यंत दर तासाला एकाच जागेवरून मोबाइलने फोटो काढा आणि कुठल्या कोपऱ्यात किती फोटोंत ऊन दिसतं ते मोजा. हे एकदा जूनमध्ये आणि एकदा डिसेंबरात करायचं. फळभाजीला सहा तास लागतात, पाच मिळाले तरी कुरकुरत चालतं. पालेभाजी तीन-चार तासांवर भागवते. अळू, पुदिना, गवती चहा त्याहून कमी असलं तरी तग धरतात.

तुमच्या सोसायटीची सगळ्यात वरची, मोकळी गच्ची वापरायला मिळत असेल तर हा प्रश्नच नाही. तिथे प्रश्न उलटा असतो, एप्रिलमध्ये ऊन अडवायचा.

नवख्याने पहिल्यांदा काय लावावं?

चिमटीने लागतं ते लावा, किलोने लागतं ते नको.

म्हणजे असं बघा. टोमॅटोचं एक रोप चार महिने जागा अडवून माझ्याकडे अर्धा किलो देतं. अर्धा किलो टोमॅटो आमच्याकडे चार दिवस पुरतात. मिरचीची तीन रोपं वर्षभरात सहाशे चाळीस ग्रॅम देतात. ऐकायला किरकोळ, पण फोडणीला रोज दोन मिरच्या लागतात, त्या हिशोबाने आम्ही नोव्हेंबर ते एप्रिल मिरची विकत घेतली नाही. कढीपत्त्याच्या एका झाडाने तर विकत घेणं कायमचं बंद केलं (त्याचं वजन मी वहीत धरलेलं नाही, कारण आई कधी तोडते मला कळत नाही). पुदिना, कोथिंबीर, गवती चहा, ओव्याची पानं यांचंही तसंच. वरणावर टाकायला चार काड्या लागतात आणि बाजारात अख्खी जुडी घ्यावी लागते, अर्धी फ्रिजमध्ये काळी पडते. या ठिकाणी घरची बाग खरोखर जिंकते.

त्यानंतर पालेभाज्या. मेथी पंचवीस-तीस दिवसांत उपटायला येते, तेवढ्यात उत्साह टिकतो. पालक एकदा लावला की वरवर कापायचा. दहा-बारा दिवसांनी पुन्हा येतो, थंडीत माझे चार-पाच तोडे झाले. लाल माठ उन्हाळ्यातही तग धरतो. मुळा दीड महिन्यात तयार होतो. माझे मुळे बोटाएवढेच राहिले, पण पाल्याची भाजी झकास झाली.

फ्लॉवर, कोबी, वांगी पहिल्या वर्षी टाळा. एका फ्लॉवरला तीन महिने एक अख्खी पिशवी द्यायची, आणि एका रात्रीत अळी आली की विषय संपला.

माती कशी भरायची?

नुसती लाल माती भरू नका. नर्सरीतून गोण्या आणल्या, पिशव्या गच्च भरल्या, दोन महिन्यांत वीट झाली. पाणी वरून ओतलं की कडेने खाली निघून जायचं, मधला गोळा कोरडाच.

आता मी एक भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत आणि एक भाग कोकोपीट किंवा वाळका पाला असं घेतो. पिशवीमागे दोन मुठी निंबोळी पेंड. कोकोपीटची पाच किलोची वीट भिजली की साठ-सत्तर लिटर होते, त्यामुळे ती बादलीत भिजवू नका. मी भिजवली आणि बाथरूमभर पसरली. त्यात क्षार असतात, म्हणून एक-दोनदा पाणी बदलून पिळून घ्यायची.

कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने शहरी लोकांना हेच शिकवलं होतं, की माती थोडी पुरते, पालापाचोळा भरपूर हवा. हे माझ्या कानावर आधी पडलं असतं तर त्या लाल मातीच्या गोण्या तीन मजले चढवल्या नसत्या. लिफ्ट त्या दिवशी बंद होती.

शेणखत कुजलंय की नाही, हे कसं ओळखायचं?

शेणाचा वास येत नाही, हातात भुसभुशीत लागतं, आणि हात खुपसला तर गरम वाटत नाही. कच्चं शेणखत मुळं भाजतं आणि सोबत पाहुणे आणतं.

ऑगस्टमध्ये भेंडीचं एक रोप उभ्या-उभ्या माना टाकायला लागलं. पाणी घातलं, सावलीत नेलं, काही फरक नाही. शेवटी पिशवी उलटी केली. आत अंगठ्याएवढी जाड, पांढरट, तपकिरी डोक्याची, वेटोळं करून पडलेली अळी. एक नाही, चार. मुळं जवळजवळ शिल्लकच नव्हती. आई मागे उभी होती. चष्मा पुढे ओढून बघत म्हणाली, "हुमणी आहे ती. शेणातून आली." कोकणात तिच्या माहेरी उकिरडा उपसताना कोंबड्या हिच्यासाठी धावायच्या म्हणे. आमच्याकडे कोंबड्या नाहीत, मी चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाकल्या. तेव्हापासून खत आणलं की आधी वर्तमानपत्रावर पसरतो.

गच्चीला वजन झेपेल का? गळती होईल का?

माणसांचा वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब साधारणपणे चौरस मीटरला दीडशे किलो भार धरून आखतात. वीस लिटरची पिशवी नुसत्या ओल्या मातीने भरली तर बत्तीस-पस्तीस किलो होते, वरच्यासारखं हलकं मिश्रण भरलं तर बरीच कमी. पिशव्या मधोमध गर्दी करून न ठेवता भिंतीच्या आणि तुळयांच्या कडेने ठेवा. जुनी इमारत असेल तर अभियंत्याला विचारल्याशिवाय ड्रम-बिम चढवू नका.

गळतीसाठी पिशव्या थेट फरशीवर नकोत, विटांवर किंवा स्टँडवर ठेवा. खालून झाडू फिरला पाहिजे. आणि कठड्यावर कुंडी ठेवू नका, कधीच नाही.

आमच्याकडे गळती झाली नाही, पण निचऱ्याचं तांबूस पाणी खालच्या मजल्यावरच्या वाळत घातलेल्या पांढऱ्या सदऱ्यावर पडलं. चूक माझीच होती. पालकाची पहिली जुडी तिकडे गेली.

स्वयंपाकघरातले धने, मेथ्या, मोहरी पेरली तर उगवतं का?

मेथ्या आणि मोहरी बहुतेक वेळा उगवतात, तीन-चार दिवसांत कोंब दिसतो. फळांच्या क्रेटमध्ये पन्नास ग्रॅम मेथ्या दाट पेरल्या की एक बरी जुडी होते. तेवढाही धीर नसेल तर समुद्रमेथी करा. मुंबईत किनाऱ्यावरच्या वाळूत पिकवतात ती इवल्या जुड्यांची मेथी. पसरट ट्रेमध्ये वाळू-माती घालून दाट पेरायची आणि दोन-तीन इंच झाली की काढायची. माझं सगळ्यात भरवशाचं पीक हेच.

धन्यांची गोष्ट वेगळी.

कोथिंबीर उगवतच नाही हो. काय करू?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. धन्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया असतात. तो अख्खा पेरला तर पाणी आत जायला वेळ लागतो. म्हणून धने कापडावर पसरून वहाणेने किंवा लाटण्याने हलके रगडायचे. दोन फाका झाल्या पाहिजेत, भरड नको. मग रात्रभर भिजवून पेरायचे आणि वर बोटाच्या अर्ध्या पेराएवढीच माती. उगवायला आठ-दहा दिवस लागतात, कधी दोन आठवडे. लोक सहाव्या दिवशी उकरून बघतात. मीही बघितलं.

वाण्याकडचे धने जुने असले किंवा भाजलेले असले तर उगवणार नाहीत, त्याला इलाज नाही. पुण्यात ऑक्टोबर ते जानेवारी हा तिचा काळ. एप्रिल-मेमध्ये उगवण कमी, आणि जी उगवते ती लगेच तुरे धरते. उन्हाळ्यात करायचीच असेल तर कोंब दिसेपर्यंत ओल्या गोणपाटाने झाका, नंतर दुपारची सावली द्या. शंभर रुपयांना जुडी होते तेव्हा आपली उगवावी असं सगळ्यांनाच वाटतं, पण तिला भावाची कल्पना नसते.

टोमॅटोला फुलं येतात आणि गळून जातात. असं का?

दिवसाचं तापमान पस्तिशीच्या वर गेलं, रात्री उकडायला लागलं की फळधारणा होत नाही. मार्चअखेरनंतर माझ्याकडे हेच होतं. थंडीतही फुलं गळत असतील तर सकाळी दहाच्या सुमारास फुलांच्या देठाला बोटाने हलक्या टिचक्या मारा. टोमॅटोच्या एकाच फुलात नर-मादी दोन्ही भाग असतात, नुसतं हलवणं पुरतं. बंद बाल्कनीत वारा आणि माश्या कमी, म्हणून हे काम आपल्याला करावं लागतं.

टोमॅटोच्या बुडाला काळा, चपटा डाग पडतो. अंड्याची टरफलं घालू का?

घाला, पण त्याने आजचा टोमॅटो वाचणार नाही. तो डाग फळाच्या टोकापर्यंत कॅल्शियम न पोहोचल्यामुळे पडतो हे खरं, पण बहुतेक वेळा मातीत कॅल्शियम असतं. पाणी एक दिवस धो-धो आणि दोन दिवस ठणठणीत, असं झालं की ते फळापर्यंत पोहोचत नाही. टरफलं कुजायला फार वेळ लागतो. रोज ठरलेल्या वेळी पाणी आणि मातीवर पाल्याचं आच्छादन, एवढ्याने माझा डाग थांबला.

वेलाला ढीगभर फुलं, पण दुधी एकही नाही. वेल वांझ आहे का?

नाही. पहिल्यांदा येतात ती बहुतेक नर फुलं. त्यांचा देठ नुसता लांब असतो. मादी फुलाच्या मागे देठाला इवलासा दुधी चिकटलेला दिसतो. नराचा पराग मादीपर्यंत पोहोचला नाही तर तो इवला दुधी पिवळा पडून गळतो. माझे ओळीने सात गळले.

मग मी हाताने परागीकरण करायचं ठरवलं. सकाळी सहाला उठून, कापसाची काडी घेऊन गेलो तर फुलं मलूल. चार दिवस असंच. बायको म्हणाली, उशीर होतोय, पाचला ऊठ. पाचला उठलो, तेव्हाही तेच. शेवटी आईने विचारलं, "अरे, पण दुधी संध्याकाळी फुलतो ना?"

दुधीची पांढरी फुलं दिवस कलल्यावर उमलतात. दोडक्याची पिवळी फुलंही संध्याकाळचीच. काकडी, कारलं, लाल भोपळा यांची सकाळी. आईच्या माहेरी अक्षय्य तृतीयेला आळी घालून हे सगळे वेल लावायचे, त्यामुळे तिला हे पाठ. मला कोणी विचारायला सांगितलं नव्हतं.

त्या दिवशी संध्याकाळी सातला गच्चीत गेलो. दिवा बायकोने धरला, मोबाइलचाच. एक मादी फूल उघडलेलं होतं, पाकळ्या ओल्या टिश्यू पेपरसारख्या चुरगळलेल्या आणि पांढऱ्याफेक. नर फुलातून जुन्या रंगपेटीतला ब्रश फिरवला, टोकाला पिवळसर पूड लागली. ती मादीच्या मधल्या फुगीर भागावर टेकवली. दोन डासही चावून गेले. तिसऱ्या दिवशी देठ हिरवाच होता. पाचव्या दिवशी तो इवला दुधी माझ्या अंगठ्याहून मोठा झाला, तेव्हा मी त्याला जुन्या मलमलीची पिशवी बांधली, फळमाशी टोचू नये म्हणून. साडेनऊशे ग्रॅम जो वर लिहिलाय, तो हाच. अर्ध्याची भाजी, अर्ध्याचा हलवा.

भेंडीची किती रोपं लावावी?

पंधरा, नाहीतर शून्य. मी सहा लावली होती. पेरल्यापासून दीड-पावणेदोन महिन्यांत भेंडी सुरू झाली आणि रोज दोन मिळायला लागल्या. पाव किलोला वीस-बावीस भेंड्या लागतात. म्हणजे दहा-अकरा दिवस साठवायच्या, तोवर पहिल्या दोन सुकून काड्या. झाडावर ठेवाव्या तर तिसऱ्या दिवशी जून होतात. शेवटी आम्ही सांबारात टाकायला लागलो. पानांच्या शिरा पिवळ्या पडून जाळी दिसायला लागली तर तो विषाणू आहे, पांढरी माशी पसरवते. रोप उपटून टाका, इतर रोपं वाचतील.

मिरचीची पानं आकसली, वळली. औषध कुठलं?

आधी कुठे वळली ते बघा. कडा वर वळून होडीसारखं पान झालं असेल तर बहुतेक फुलकिडे, खाली वळून पान लांबट झालं असेल तर कोळी (घरातला नव्हे, त्याच नावाची बारीक कीड). दोन्हीला शेतकरी चुरडामुरडाच म्हणतात, कोणी बोकड्या म्हणतं. वळलेले शेंडे खुडून टाका, मग एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांड्याच्या साबणाचे चार थेंब खूप हलवून, ऊन उतरल्यावर पानांच्या खालून फवारा. आठवड्याने पुन्हा. नवी पालवी सरळ आली तर सुटलात. रोपच खुरटून पानं बारीक आणि पिवळी झाली तर विषाणू समजा आणि मोह सोडा.

इतर किडींचं काय करता?

मावा पडला तर आधी नुसत्या पाण्याचा जोरदार फवारा. पिठ्या ढेकूण जुन्या टूथब्रशने साबणपाणी लावून खरवडतो. पांढऱ्या माशीला पिवळे चिकट सापळे. वांग्याचा शेंडा अचानक माना टाकतो तेव्हा आत अळी असते, छिद्राच्या खालून शेंडा कापून पिशवीत बांधून कचऱ्यात.

एक पाप कबूल करायचंय. पहिल्या वर्षी मला माव्याच्या आसपास काळसर, नारिंगी ठिपक्यांच्या, बारक्या मगरीसारख्या अळ्या दिसल्या. मी त्या वेचून-वेचून मारल्या. त्या ढालकिड्याच्या अळ्या होत्या, मावा खायला आलेल्या. त्यानंतर मावा दुप्पट झाला.

कबुतरं?

जाळी. जुन्या सीडी, चकचकीत पट्ट्या, प्लास्टिकचं घुबड यांतलं काहीही चालत नाही. घुबडाच्या डोक्यावर कबुतर बसलेलं मी पाहिलंय.

पाणी किती आणि कधी घालायचं?

मातीत बोट दोन पेरं खुपसा. ओलं लागलं तर घालू नका. माझ्या चौदा पिशव्यांना थंडीत दिवसाआड दहा लिटर, एप्रिलमध्ये रोज पंधरा लिटर, दोन वेळांत मिळून. पावसाळ्यात जास्त पाण्यानेच झाडं जातात, पिशवीच्या तळाची भोकं महिन्यातून एकदा काडीने मोकळी करा. डाळ-तांदूळ धुतलेलं पाणी चालतं. पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर पडणारं टाकाऊ पाणी नुसतं घालू नका, त्यात क्षार जास्त असतात.

आठवडाभर गावाला जायचं तर पिशव्या एकत्र सावलीत ढकला, वर नारळाच्या शेंड्या पसरा, आणि उंचावर ठेवलेल्या बादलीतून सुती दोऱ्या प्रत्येक पिशवीत सोडा. झाकणाला भोक पाडून उलटी खोचलेली बाटली माझ्याकडे दीड दिवसात रिकामी झाली. शेजारच्या काकूंना चावी दिली होती, त्यांनी प्रेमाने इतकं पाणी घातलं की पुदिना कुजला. त्यांना मी हे सांगितलेलं नाही.

घरच्या ओल्या कचऱ्याचं खत किती दिवसांत होतं?

पंचेचाळीस दिवस असं सगळे सांगतात. माझं पहिलं सत्तर दिवसांत झालं. पी हळद आणि हो गोरी असं ते काम नाही. भोकं पाडलेल्या बादलीत ओल्या कचऱ्यावर तेवढाच वाळका पाला, आठवड्यातून दोनदा हलवणं. चिलटं आली म्हणजे पाला कमी पडतोय. वास आला म्हणजे ओल जास्त आहे.

देशी बी घ्यावं की संकरित?

चव आणि पुढच्या वर्षीचं बी हवं असेल तर देशी. संकरित टोमॅटोचं बी धरून पुन्हा लावलं तर पुढची झाडं तशीच निघत नाहीत. पाकिटातलं गुलाबी-हिरवं रंगवलेलं बी औषध चोळलेलं असतं, पेरल्यावर हात धुवा आणि उरलेलं मुलांच्या हाती लागू देऊ नका. एका नर्सरीतून मी "देशी" म्हणून टोमॅटोची रोपं आणली होती. सगळी फळं एका मापाची, टणक, बाजारातल्यासारखीच निघाली. आता बीच आणतो.

काही लोकांच्या हाताला गुण असतो म्हणतात, ते खरं का?

आमच्याकडे आईच्या हाताला आहे असं सगळे म्हणतात. मी दोन वर्षं तिच्याकडे बघतोय. ती काहीच वेगळं करत नाही, फक्त सकाळी चहाचा कप घेऊन गच्चीत जाते आणि प्रत्येक झाडाचं एक तरी पान उलटून बघते. मी रविवारी बघतो. तिला अळी पहिल्या दिवशी दिसते, मला सातव्या.

यंदा काय लावलंय?

यंदाचं तिसरं वर्ष, २०२५. पावसाळ्यात भिंतीकडे अळू, पुदिना, गवती चहा, बाकी काही नाही. कठड्याजवळ मिरचीची पाच रोपं आणि लाल माठ. टोमॅटोची दोनच रोपं, तीही ऑक्टोबरात लावणार. वांगी बंद. भेंडी पंधरा लावायला जागा नाही, म्हणून शून्य. समुद्रमेथीचे दोन ट्रे आलटून-पालटून, दर आठवड्याला एक.

दुधीचा वेल मात्र एक आहेच. काल संध्याकाळी दोन मादी कळ्या दिसल्या, आज-उद्या उमलतील. ब्रश दाराजवळच्या खिळ्याला अडकवून ठेवलाय.